विकायची बॅटरी आणि स्वतःची बॅटरी

ही केस आठवली की आजही माझं डोकं तापतं. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण कुठल्या आरोपीचा इतका राग आला नव्हता. नावं कुणाचीच घेत नाही. जो गेला त्याच्या बायकोला अजून त्याच गावात राहायचं आहे.

मी तेव्हा पेडणे तालुक्यातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. सकाळी साडेनऊच्या सुमारास फोन आला की हरमलजवळच्या खाडीत कायाक, म्हणजे पर्यटकांची अरुंद वल्ह्याची होडी, पेटली आहे. हवालदाराला घेऊन पोहोचलो तेव्हा मासेमारांनी दोघांना काठावर आणलं होतं. एक पुण्याचा पर्यटक, थरथरत बसलेला पण धडधाकट. दुसरा कायाकचा मालक, छाती आणि दोन्ही हात भाजलेले.

मालक पन्नाशीचा होता. मूळचा डिचोलीकडचा, खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. खाणी बंद पडल्यावर बायकोच्या गावी येऊन राहिला आणि पर्यटकांना खाडीत पक्षी दाखवायला, गळाने मासे धरायला न्यायचा धंदा सुरू केला. ट्रक चालवून उजवा खांदा कामातून गेलेला, वल्हं मारवत नव्हतं. म्हणून त्याने कायाकला बॅटरीवर चालणारी छोटी मोटर बसवली होती. बॅटरी त्याच्या पाठीमागे, झाकणाच्या खोक्यात असायची.

पर्यटकाचा जबाब मी स्वतः घेतला. "मागून शिट्टीसारखा आवाज आला. मग पांढरा धूर. ते म्हणाले उडी मारा, पण मला पोहता येत नाही. अंगावर लाइफ जॅकेट होतं तरी धीर होईना. त्यांनी मला ढकललं. मी पाण्यातून पाहिलं, ते दोन्ही हातांनी खोकं उचलून बाहेर टाकायला बघत होते. तेवढ्यात भडका उडाला."

चौथ्या दिवशी कायाकचा मालक इस्पितळातच वारला. शेवटपर्यंत बोलण्याच्या अवस्थेत आला नाही. मी अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि कागदावर लिहिलं की खारं पाणी बॅटरीत जाऊन शॉर्टसर्किट झालं असावं, मयताचा निष्काळजीपणा नाकारता येत नाही. होडी, पाणी, वीज, मला त्यात संशय घेण्यासारखं काही दिसलं नाही.

आठवड्याने त्याची बायको ठाण्यात आली. कागद वाचायला मागितला, वाचला आणि माझ्यासमोर ठेवला.

"साहेब, पाणी लागला असा तुमका कोणी सांगला?"

मी म्हणालो, "वहिनी, खाडीतली होडी. अंदाज आहे."

"अंदाज," ती म्हणाली. "आमी दोन वेळा डिचोलेक गेलो. आधीची शिशाची बॅटरी जड, खांद्यान उचलूक होय नाशिल्ली आणि होडी मागच्यान बुडायची. म्हणून लिथियमची घेतली. ह्यांनी दुकानदाराक इचारला, पेटणार नाय मां? गरम झाली तर आपसूक बंद पडता मां? पाण्यार चलता मां? तो म्हणालो, खास होडयेचीच आसा. मी बाजूक उभी होतंय."

तिने बिल दिलं. त्यावर छापलेलं होतं, सागरी वापरासाठी. मी जळक्या बॅटरीचे अवशेष न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पाठवले. तिने आणलेलं बिल नसतं तर मी ते अवशेष मुद्देमालाच्या खोलीत गंजू दिले असते. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

बिलावरच्या पत्त्यावर डिचोलीला गेलो. दुकानदार गोड बोलणारा होता. मला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं. "वाईट झालं साहेब. पण गिऱ्हाईक ऐकत नाही हो. खारं पाणी गेलं असणार." म्हणजे माझ्या कागदावरचं वाक्य तो मलाच ऐकवत होता. नोकरीत एक गोष्ट मी पाहिली आहे. निर्दोष माणसाला आधी आपल्या मालात काही चुकलं का याची काळजी लागते. हा सरळ मेलेल्याच्या चुकीवर आला.

पण राग हा पुरावा नसतो. प्रयोगशाळेचा अहवाल यायला वेळ होता.

बाजाराच्या दिवशी दुपारी एक बाई ठाण्यात येऊन बाकावर बसली. मांडीवर भाजीची पिशवी. तासभर बसली तेव्हा हवालदाराने मला सांगितलं. ती बेळगावकडची, त्याच दुकानाच्या मागच्या खोलीत काम करणारी.

"मी गुंडाळणारी बाई हाय साहेब," ती म्हणाली. "भंगारातल्या इलेक्ट्रिक स्कूटरच्या बॅटऱ्या येत्यात. काही फुगलेल्या बी असत्यात. त्यातले सेल काढून मालक नवीन जोडतो. मी वरनं निळा प्लॅस्टिक चढवून गरम करती, मग स्टिकर."

"आजवर का नाही बोललात?"

"पगार बंद हुईल म्हणून. आता माणूस गेलाय न्हवं." पिशवी सावरत म्हणाली, "मालकाच्या बी घरी असलीच होडी हाय. तिच्यातली बॅटरी येगळी. ती कंपनीच्या खोक्यातनं आली. ती आम्ही कधी उघडलीच न्हाई."

गुन्हा नोंदवून झडतीचं वॉरंट घेतलं, डिचोलीच्या ठाण्याला कळवलं, दोन पंच घेतले आणि दुकान व घर एकाच वेळी गाठलं. मागच्या खोलीत सोललेल्या स्कूटर बॅटऱ्यांचा ढीग होता. विक्रीला तयार दोन बॅटऱ्या जप्त केल्या. घराच्या पडवीत त्याची कायाक होती. तिच्यातली बॅटरी आणि कंपनीचं बिलही पंचनाम्यात घेतलं. बिल त्याच्या स्वतःच्या नावाचं, आणि मयताला बॅटरी विकण्याच्या आधीचं.

आयटीआयमधल्या एका शिक्षकाने पंचांसमोर बॅटऱ्या उघडल्या. त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं लिहितो. लिथियममध्येही जाती असतात. होडीसाठी फॉस्फेटवाली घ्यावी, ती थोडी जड असते पण उष्णता सोसते. स्कूटरची जात ताकदवान, पण बिघडली की भयंकर पेटते. शिवाय आत एक संरक्षक कार्ड लागतं, जे धोका दिसताच वीज तोडतं.

"कार्ड आहे ना इथे," मी म्हणालो.

"आहे, पण हे बघा." त्यांनी पक्कडीने एक जाड वायर उचलून दाखवली. "जुने सेल, म्हणून कार्ड सारखं वीज तोडत असणार. गिऱ्हाइकाची तक्रार येऊ नये म्हणून याने कार्डाला वळसा घालून वायर जोडली आहे."

पुढे प्रयोगशाळेच्या अहवालातही आलं की जळालेल्या बॅटरीत तशीच वायर होती.

चौकशीच्या खोलीत मी टेबलावर दोन्ही बॅटऱ्या ठेवल्या. तो चार तास एकच सांगत होता, मला दोन्ही सारख्याच, तांत्रिक काही कळत नाही, मी साधा व्यापारी. मी आवाज चढवला नाही.

"ही तुमच्या होडीतली," मी म्हणालो. "ही दुकानातली. तुम्ही म्हणता दोन्ही सारख्याच. मग दुकानातली फुकट मिळत असताना बाहेरची का घेतलीत?"

तो खाली बघत म्हणाला, "साहेब, माझ्याबरोबर माझी मुलगी बसते."

मी उठून खोलीबाहेर गेलो. नोकरीत कधी हात उचलला नाही असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवशी हात उचलला असता तर थांबला नसता. व्हरांड्यात उभा राहिलो, तोंडावर पाणी मारलं आणि परत आत गेलो.

पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही, हे तोही जाणून होता. पण ते बिल, ती वायर आणि त्या बाईची साक्ष चालणार होती. त्यामुळे प्रकरण निष्काळजीपणाचं राहिलं नाही. काय होऊ शकतं हे त्याला माहीत होतं. आम्ही सदोष मनुष्यवधाचं कलम लावलं.

त्यानंतर बिलबुकावरून बाकीच्या बॅटऱ्या गोळा करत फिरलो. एकाने आमच्यावरच आवाज चढवला, चांगली चालणारी वस्तू का नेता म्हणून. दुसऱ्याच्या घरी बॅटरी पलंगाखाली चार्जिंगला लावलेली होती, एका बाजूने फुगलेली. पलंगावर त्याची आई झोपली होती.

सत्र न्यायालयात शिक्षा झाली. अपील चालू आहे, तो जामिनावर बाहेर आहे. दुकान नातेवाइकाच्या नावाने पुन्हा उघडलं आहे. मी त्या रस्त्याने जाणं टाळतो.

या केसने मला शिकवलं की मेलेला माणूस उत्तर देत नाही, म्हणून दोष त्याच्या अंगावर टाकणं सगळ्यांत सोपं असतं. दुकानदाराने ते केलं. त्याच्या आधी मी केलं होतं.

शिक्षेआधी, खटला चालू असताना मी निवृत्तीनंतर साक्षीला गेलो, त्याच दिवशी त्या माणसाच्या बायकोची उलटतपासणी होती. बचावाचे वकील हुशार होते. त्यांनी विचारलं, "तुमच्या नवऱ्याला बॅटरीतलं काही कळत होतं का?"

ती पिंजऱ्याच्या कठड्यावर हात ठेवून सरळ उभी होती.

"नाय," ती म्हणाली. "कळत नाशिल्ला म्हणूनच दुकानात जावन इचारला."