काकींची सही घ्यायची राहिली

खालापूरजवळच्या आमच्या गावात मी घरीच मसाला कुटायचा डंक चालवते. धंद्याचं विजेचं मीटर घ्यायला ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला लागतो. त्यासाठी शेजाऱ्यांच्या सह्या गोळा करून आज तिसऱ्यांदा गेले.

ग्रामसेवक म्हणाले, "ताई, तुमच्यावर हरकत आलीय."

त्यांनी दिलेला हरकतीचा अर्ज वाचला. डंकाचा आवाज होतो, मिरचीचा ठसका लागतो. आणि शेवटी, 'आम्हाला विचारलेसुद्धा नाही.' खाली सही सुमनकाकींची. आमच्या दोघींच्या घरांची भिंत एकच.

सगळ्या आळीत सह्या मागत फिरले, काकींकडे तेवढी गेले नाही. घरच्या माणसाकडे सही काय मागायची, असं वाटलं होतं.

राग यायला हवा होता. आला नाही. मी अर्ज परत दिला आणि घरी आले.

काकी दारातच उभ्या होत्या. "अगं, माज्या मिरच्या वाळल्या का नाय गं?"

त्यांच्या पाच किलो मिरच्या कालपासून माझ्याच गच्चीवर आहेत.

"वाळल्या, काकी," म्हटलं.

आता देठ खुडत बसलेय. हात जळजळतायत, बाकी काही वाटत नाहीये. तुम्हीच सांगा, आधी सही मागायला जाऊ, की मसाला कुटून देऊ?