नवरदेवाविना वरात

आमच्या मावसभावाला, म्हणजे दादाला, देवाने सूर गळ्यात नाही, पायांत दिला होता. बालाघाटच्या बँडपार्टीत तो गिटार वाजवायचा. रेडिओवर विलायती रॉक ऐकून त्याने नागपूरहून इलेक्ट्रिक गिटार आणली आणि बँडमालकाने तिचा भोंगा बॅटरीसकट ठेल्यावर चढवला. पुढे ठेला, मागे दादा, त्याच्यामागे वरात. इतक्या वराती चालला की जेवतानाही त्याचे पाय हलायचे. न्हाव्याकडे चाल सुचली, तर अर्धी हजामत टाकून रस्त्यावर यायचा. मावशी वैतागायची, "याले बसून वाजवाले काय खिळे टोचतेत?" दादा हसायचा. पण एकदा मला म्हणाला, "लोक माह्या मांगं चालतेत, पाहतेत मात्र नवरदेवाले. मले कोणी ऐकूनच नाही राह्यलं." आणि बँड सोडला. मालक म्हणाला, "एकट्याले कोण विचारते? येशील वापस!"

पहिला एकट्याचा कार्यक्रम खैरलांजीला, दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, भर दुपारी. कार्यक्रम पडला असता तर खाली मान घालून त्याच ठेल्यामागे जावं लागणार होतं. स्टेजवर दादा उभा राहिला आणि बोटं आखडली. लोक चुळबुळू लागले. मी खालून ओरडलो, "दादा, वाजव ना!"

"पाय चालल्याबिगर हात कसा चालन बे?" म्हणत त्याने पाऊल उचललं. बोटं सुटली. वाजवत वाजवत गडी स्टेजच्या पायऱ्या उतरला, वायर निसटली आणि भोंगा मुका झाला. मी लाजेने तोंड लपवलं. दादाला मात्र पत्ताच नाही. आणि आमची माणसं! कुणी वाजवत पुढे निघालं की मागे निघायचं, एवढंच त्यांना ठाऊक. सगळी मंडई उठून त्याच्यामागे चालू लागली. तारांचा आवाज इतका बारीक, की तो ऐकायला माणसं अगदी जवळ सरकून, मुकाट्याने चालत होती. वरातीत असं कधी घडत नाही.

धानाच्या बांधापाशी दादा थांबला. सवयीने नवरदेवाच्या घोड्याला वाट द्यायला बाजूला झाला. मागे पाहून म्हणाला, "नवरदेव कोठी हाय बे?"

"नवरदेव नाही, दादा. हे तुलेच ऐकाले आले."

तो खाली मान घालून बराच वेळ तारा जुळवत राहिला. त्या जुळलेल्याच होत्या.

पुढे काही वर्षं तो मंडया गाजवत फिरला, वायरीशिवायच. आता दादा नाही. त्याची फार आठवण येते. रस्त्याने वरात निघाली की सगळे नवरदेवाकडे पाहतात. मी वाजवणाऱ्यांकडे पाहत उभा राहतो. एखाद्याने मान वर केलीच, तर त्याला हात करतो.