जुळवलेलं बटन आणि सांबराचा डोळा

मंडळी, सकाळपासून जीव थाऱ्यावर नाई, म्हणून लिहून राह्यलो.

माझ्या गाडीत फॉग लाइटचं बटन बाहेरच्या मेकॅनिककडून बसवून घेतलेलं, वर समोरच्या काचेजवळ. कंपनीची सगळी बटनं नारंगी पेटतात, हे एकटंच निळं. डोळ्यात खुपायचं. काल ते खोललं, आतला निळा एलईडी काढून नारंगी टाकला. रंग असा जुळला की मीच खूश!

आज पहाटे मोहर्लीहून चंद्रपूरले निघालो. सोबत शेजारचे सुधाकरभाऊ. जंगलात समोर नारंगी ठिपका चमकला. जनावराचा डोळा समजून मी कचकन ब्रेक मारला.

भाऊ हसले. "अरे, तुयं बटन दिसून राह्यलं काचेत!"

थोडं पुढं पुन्हा ठिपका. बटनच असन म्हणून मी गाडी दामटली.

"थांब! हलून राह्यला तो!" भाऊ ओरडले.

सांबर होतं. हातभर अंतरावर गाडी थांबली.

आधीही बटन काचेत दिसायचंच. पण निळ्या डोळ्याचं जनावर आमच्या जंगलात नाई, म्हणून कधी घोळ झाला नाई.

निळा एलईडी खिशात आहे. संध्याकाळी याच रस्त्यानं परतायचं आहे. सांगा, जुळलेलं राहू देऊ, का खुपणारं परत लावू?