मंदामावशींची डिजिटल डायरी

मंदामावशी गेल्या हे मला देवास गेटला बसमधून उतरल्यावर कळलं. धाकटा भाऊ न्यायला आला होता. "घरी नको, सरळ मावशींकडे चल, फ्रीगंजला. मावशी..." त्याने माझी बॅग उचलली आणि चालू लागला. या गोष्टीला आता महिना होऊन गेला.

मावशी आईच्या मैत्रीण, बँकेत नोकरीला; त्यांचे यजमान ते आमचे काका. आई लवकर गेली, बाबा मिलमध्ये. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली, हे मी आजही मान ताठ ठेवून सांगते. पण प्रवेशाच्या रांगेत माझ्यासोबत मावशी उभ्या होत्या, हेही सांगते.

त्यांच्या भावाने मस्कतहून डिजिटल डायरी आणून दिली होती. तळहाताएवढं मशीन, झाकण उघडलं की बारीक बारीक बटणं. बँकेचं ऑडिट असो की हळदीकुंकू, कोणतं काम कोणाचं, कधीपर्यंत, सगळं त्यात. "मावशी, भाजीसुद्धा यात?" मी हसायची. "तुझे काका विसरतात गं, मशीन नाही विसरत." काम सांगितलं की त्या विचारायच्या, "आता मला सांग, काय करशील?" समोरच्याने नीट सांगितलं, तरच बटण दाबायच्या. बाबा कुरकुरायचे, "शाळा आहे का ही?"

ताईचं लग्न ठरलं तेव्हा मिल बंद पडलेली. मुलाकडचे इंदूरचे, बडे लोक. "फजिती नको व्हायला," बाबांचा एकच धोशा. सगळी आखणी मावशींच्या मशीनमध्ये. आणि लग्न दोन दिवसांवर असताना सेल बदलायला म्हणून त्यांनी दोन्ही सेल एकदम काढले! एक आत ठेवायचा असतो, नाहीतर सगळं पुसलं जातं. नवे घातले, तर पडदा कोरा. बाबा म्हणाले, "झालं! नाक कापलं आता."

मावशींनी सेलचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, "चलो, सगळ्यांना बोलवा."

अंगणात एकेकाने आपापलं काम सांगितलं, मावशी बटणं दाबत गेल्या. हलवाई तर छाती फुगवून म्हणाला, "बहनजी, मुझे तो सब मुँहज़बानी याद है, आपने इतनी बार मुझसे कहलवाया था!" संध्याकाळपर्यंत मशीन पुन्हा भरलं. लग्न असं पार पडलं की इंदूरकर व्यवस्थेचं नाव काढत गेले.

ताईची गाडी गेली आणि बाबा मांडवाच्या खांबाला धरून उभे राहिले. कन्यादानाचा उपास, नंतर त्यांना जेवायला घालायचं कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मावशी ताट घेऊन आल्या. "बसा भाऊ. हे काम मी माझ्याकडे ठेवलं होतं, कोणाला सांगितलंच नव्हतं. त्यामुळे परवा अंगणात कोणी म्हणून दाखवलं नाही, मशीनमध्येही आलं नाही... बरं झालं आठवलं." बाबा जेवले आणि जेवताना रडले.

मावशींच्या तेराव्याला काका पाहुण्यांमागे धावत होते. बाबांनी त्यांचा हात धरला, पाटावर बसवलं, ताट समोर ठेवलं.

"अहो, पंगत तर आटोपू द्या," काका म्हणाले.

"पंगत पोरं बघतील. तुम्ही जेवा," बाबा म्हणाले. "मी इथेच उभा आहे."