कमी लिहिलेलं धाडस

पाण्याच्या पंपांच्या जळालेल्या मोटारीतली काळवंडलेली तार उपसायची आणि तिथे नवी भरायची, हे त्याचं काम. म्हणून सगळे त्याला तारवालाच म्हणत. दुकान एवढंसं. आत शिरलं की वॉर्निशचा वास कपड्यांना धरून घरापर्यंत यायचा. वेढे घालताना बोटं गुंतलेली असायची, मन मात्र रिकामं. त्या रिकाम्या मनात त्याने फुटबॉलचा एक खेळ रचला. जुना कॉम्प्युटर मांडला, चुकतमाकत प्रोग्रॅम लिहायला शिकला आणि आपल्याच वस्तीचा संघ त्यात उतरवला.

प्रत्येक खेळाडूला त्याने शंभरपैकी गुण दिले. वेगाचे, दमाचे, नजरेचे, धाडसाचे. बटण दाबलं की सामना आपोआप खेळला जायचा आणि काय घडलं त्याच्या ओळी पडद्यावर उमटत जायच्या. मैदानात जो लवकर धापा टाकायचा तो पडद्यावरही धापा टाकायचा. खेळाडू दुकानात जमून आपलीच फजिती वाचायचे आणि पोट धरून हसायचे.

गोलकीपर होता त्याचा थोरला भाऊ. शेजारच्या गाळ्यात वेल्डिंग करणारा, चेंडूवर डोळे मिटून झेपावणारा. भावाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये, म्हणून तारवाल्याने दादाच्या धाडसातून बरेच गुण काढून घेतले. तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. आपणच आपल्याला प्रामाणिक ठरवायचं, त्यासाठी भावाच्या वाट्यातलं कापायचं, आणि वर छाती फुगवायची.

पडद्यावरचा दादा कचरायला लागला. वहिनीने तेव्हा चिमटा काढला होता, की भावजी, तुमच्या खेळात ह्यांना जरा पोटभर जेवायला घाला. दादाही हसला होता.

संघाचे कोच आधी गंमत म्हणून यायचे, मग सामन्याआधी न चुकता येऊ लागले. अंतिम सामना दादाचा शेवटचा होता, त्यानंतर तो खेळणं सोडणार होता. कोचनी गोलवर एकदा दादाला उभं करून पाहिलं, एकदा राखीव गोलकीपरला, बेकरीवाल्याच्या भावाला. खेळाने बेकरीवाल्याच्या भावाला पसंती दिली. दादा बाहेर बसेल, असं कोच म्हणाले, आणि तारवाल्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना सांगू लागले की या माणसाच्या डोक्याला तोड नाही.

एक वाक्य बोललं असतं तरी पुरलं असतं. पण कौतुक कानाला गोड लागत होतं. तारवाला गप्प राहिला.

सामनाभर दादा हातमोजे घालून बाकावर बसला. संघ जिंकला. हरला असता तर तारवाल्याला कुणावर तरी राग काढता आला असता.

त्यानंतर वॉर्निशचा वासही त्याला सोसेना. शेवटी एका दुपारी तो शेजारच्या गाळ्यात गेला. दादा फाटकाचे गज घासत होता.

"दादा, तुझं धाडस मी मुद्दाम कमी लिहिलं होतं. लोक काय म्हणतील म्हणून."

दादाने घासणं थांबवलं नाही.

"माहीत होतं रे. पहिल्याच दिवशी कळलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील असं वाटलं." गज फिरवून दादा म्हणाला, "पण खरं सांगू? नंतर सरावात चेंडू आला की पाय मागे जायचे. वाटायचं, एवढं मन लावून लिहिलंय त्याने, त्याचंच बरोबर असेल."

तारवाला दुकानात परतला, दादाचे कापलेले गुण परत दिले आणि बटण दाबलं. हात पुसत दादाही मागोमाग आला, स्टूल ओढून बसला. ओळी उमटू लागल्या. गोलकीपर पुढे धावला. गोलकीपर झेपावला. चेंडू हातात.

दादा डोळे बारीक करून वाचत होता, परक्या माणसाचा सामना पाहावा तसा.

"चांगला आहे हा," तो म्हणाला. मग उठला आणि आपल्या गजांकडे गेला.

पडद्यावर सामना चालूच होता. तो बंद करायला तारवाल्याचा हात धजावला नाही.