मुरलीने लपवलेली ताडपत्री

मुरली गेल्याचा फोन आला तेव्हा मी गावाजवळच्या लालबागमधल्या माझ्या कारखान्यात सुताच्या भावावरून एकाशी भांडत होतो. फोन ठेवला आणि पहिला विचार आला तो काही बरा नव्हता… आता हा माणूस कधीच कबूल करणार नाही.

आम्ही दोघं नेपानगरचे, शाळेत एकाच बाकावरचे. मी दुसऱ्यांच्या मागांवर राबून स्वतःचे माग उभे केले, तो लष्कराच्या एका कचेरीत लागला. गाडी घेतल्यापासून भंगारात निघेपर्यंत डिझेल, टायर, दुरुस्ती मिळून तिच्यावर किती खर्च होतो, याची नोंद ठेवणं हे त्याचं काम. सुट्टीत आला की माझी टिंगल करायचा. “शेठ, खरेदीचा भाव नको सांगू यार. दहा वर्षांत किती खाणार, ते बोल.”

“खायला ती काय म्हैस आहे?”

“म्हैस परवडली. दूध तरी देते.”

पुढे लष्करी ट्रकांवरच्या ताडपत्र्यांचं काम मला मिळालं, सगळ्यांत कमी भाव भरून. तीन-चार पावसाळे गेले आणि मागणी बंद. ताडपत्री स्वस्त, पण कोपऱ्यात फाटते; शिवण्यात आणि आत भिजलेल्या सामानात वाचलेले पैसे परत जातात, असं उत्तर आलं. हा हिशेब कोणाच्या टेबलावरून निघाला, ते मला सांगायची गरज नव्हती. माझ्या जागी आलेला माणूस मुरलीच्या साहेबाच्या ओळखीचा, असंही कानावर आलं. मुरली सुट्टीवर आल्याचं कळताच मी त्याच्या दारात उभा राहिलो. “किती घेतलेस?”

“कागदावर ट्रकचा नंबर असतो. कापड कोणाचं ते नसतं.”

“आणि तुला माझं कापड ओळखू येत नाही?”

तो गप्प बसला. त्या गप्प बसण्यावर मी इतकी वर्षं संशय पोसला. तो रिटायर होऊन गावी आला, तरी मी पायरी चढलो नाही.

तेराव्याला गेलो, तेही थोडं घर न्याहाळायलाच. नवी फरशी, वरचा मजला, काही दिसतंय का… काही नव्हतं. मागच्या अंगणात मात्र स्कूटरवर माझी ताडपत्री होती.

“तुमचं काम बंद झालं ना भाऊजी, तेव्हा बाजारातून आणली,” वहिनी म्हणाल्या. “म्हणायचे, फौजी लोक ओढाताण करतात, चूक त्यांचीच असेल. आपण सांभाळून वापरून बघू.”

“मग?”

“मग काय! दर पावसाळ्यानंतर कोपरा शिवत बसायचे. तुम्हाला सांगू नको म्हणायचे.”

प्रत्येक शिवणीजवळ पेनाने साल लिहिलेलं होतं. हे आपल्यालाच दाखवायला ठेवलं असेल, असंही मनात आलं. माझं मन तसंच आहे. शेवटची शिवण गेल्या सालची. माल तपासायच्या सवयीने मी ती जोरात ओढून पाहिली… शिवण सुटली नाही. कापड तिच्या शेजारी फाटलं.