चिमटाबाईंच्या गोठ्यात गोचीड

नव्या गाईला मी गोठ्यात आणून थेट आत्याच्या लाडक्या गाईच्या, राणीसाहेबांच्या शेजारी बांधलं आणि वर स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. बाहेरच्या खुंट्याला बिचारी थंडीत कुडकुडत होती. पाहुणीला असं दाराबाहेर ठेवतात का? आत्याच्या राज्यात ठेवतात! नव्या जनावराचे कान, शेपटीचं मूळ, कासेची सांद, सगळीकडे आत्याचा चिमटा फिरल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकायची बंदी. हे मला पाठ होतं, पण म्हटलं, एका रात्रीने काय बिघडतंय! सकाळी आत्याने चिमटा फिरवला, तेव्हा पाहुणीच्या अंगावर काही सापडलंही नाही.

आत्याला गल्ली चिमटाबाई म्हणते. भुवया कोरायच्या चिमट्याने ती गुरांच्या अंगावरच्या गोचिडी उपटते आणि रॉकेलच्या बरणीत बुडवते. "भुवयांना एकदाही लावला नाही हिने," आतोबा सांगतात. "नवराच एवढा देखणा नव्हता, मग कशाला मेहनत घेईल!" बोलता बोलता आत्याची नजर समोरच्याच्या मानेवर जाते. बँकेतल्या साहेबांच्या कानामागचा तीळ तिने एकदा चिमट्यात धरला होता. साहेब तेव्हापासून आमच्या गल्लीतून जात नाहीत.

गुरांच्या डॉक्टरांशी तिची जुनी पैज. "माझ्या गोठ्यात एक जरी गोचीड सापडली ना डॉक्टर, तर तुमची स्कूटर मी स्वतः धुईन. साबण लावून!"

त्यामुळे पाहुणी आल्यावर काही दिवसांनी राणीने वैरणीकडे पाठ फिरवली, तेव्हा आत्याने निदान ठोकलं, "रुसलीय. सवत आणून बसवलीत ना शेजारी!"

राणी तिची लाडकी. आई दूध पाजेना म्हणून बाटलीने वाढवलेली, आता गाभण. तिचं रवंथ थांबलं, कान तापले, तरी आत्या तिच्या गळ्याखाली खाजवत समजूत घालत होती.

"डॉक्टरांना बोलावू या का?" आतोबांनी हळूच विचारलं.

"कशाला? रुसव्यावर इंजेक्शन असतं होय?"

"असतं तर मी घरात साठा करून ठेवला असता."

मी हसत हसत गव्हाणीमागच्या भिंतीला टेकलो आणि तिथेच गार झालो. भिंतीच्या चिरेत एक टपोरी, करडी गोचीड बसली होती. तट्ट फुगलेली. गोठा जणू तिच्या नावावर होता.

"आत्या," मी म्हटलं, "इथे बघ जरा."

आत्याने गोचिडीकडे पाहिलं, मग पाहुणीकडे, मग माझ्याकडे. माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

"फोन लाव डॉक्टरांना."

"आणि पैज?"

"खड्ड्यात गेली पैज! माझी राणी जगली पाहिजे."

डॉक्टर आले. ताप बघितला, खांद्यापुढची सुजलेली गाठ चाचपली, कानातून रक्ताचा थेंब काचेवर घेतला. "गोचीड ताप दिसतोय. ही बया नुसतं रक्त पीत नाही ताई, रक्तात आजार सोडते. अजून दोन दिवस रुसवा काढत बसला असतात तर..." त्यांनी सुई भरली.

मग शिकार सुरू झाली. गोचिडी अंडी घालतात भिंतीच्या भेगांत, म्हणून गाई अंगणात आणि आम्ही गोठ्यात. आतोबा भेगा लिंपतायत, मी तोंडाला फडकं बांधून औषध फवारतोय, आत्या मागून हुकूम सोडतेय. डॉक्टरांनाही चेव चढला. "सापडली! सापडली!" करत त्यांनी कोपऱ्यातून काहीतरी उचललं. त्यांच्याच शर्टाचं बटण निघालं. पाहुणी अंगणातून आमच्याकडे बघत निवांत रवंथ करत होती.

दोनतीन दिवस घरात कुणाला जेवण गोड लागलं नाही. मग एका सकाळी आतोबा दोरीवरचं बनियन शोधत अंगणभर फिरले. ते राणीच्या तोंडात होतं. अर्धं आत गेलेलं.

"खातेय! अगं बाई, खातेय!" आत्या टाळ्या पिटत ओरडली, आणि ते बनियन ओढून काढून तिने राणीपुढे वैरणीचा ढीग घातला. राणीने त्याचाही चट्टामट्टा केला.

"आता स्कूटर, ताई?" राणीला तपासायला आलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"धुते की! पण गोचीड आत आणली कुणी, ते आधी ठरू दे." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहुणीकडे पाहिलं.

हल्ली डॉक्टर मुद्दाम चिखलातूनच येतात आणि साबणाची बादली माझ्या हातात असते. स्कूटरचा मूळ रंग निळा की हिरवा, यावर घरात वाद आहे. परवा आत्याने त्या स्कूटरवरून एक बोट फिरवलं, निरखून पाहिलं, आणि माझ्या शर्टाला पुसलं.